आलोच काका

बाबांची शोकसभा आमच्या घरासमोरच्या शाळेच्या मैदानावर ठरली, तेव्हा मी दादाला म्हटलं, "त्यापेक्षा आईच्या उशाशीच भोंगा बांध ना. उगाच आडपडदा कशाला!"

 दादा हल्ली काहीच बोलत नसे. घराखालच्या दुकानात पाइपांच्या ढिगाऱ्याशेजारी बसून भेटायला येणाऱ्यांचे हात हातात घ्यायचा आणि मान हलवायचा. गावाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जमलं नसतं. गावातल्या एकूण एक नळाला बाबांचा हात लागलेला. त्या गावाला बाबांसाठी एक संध्याकाळ हवी होती, आणि मैदान एकच होतं.

अडचण अशी होती की बाबा गेल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं आणि आईला माहीत नव्हतं.

आईला हृदयाचा झटका येऊन गेला होता. ती वरच्या खोलीत पडून होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना जराही धक्का बसता कामा नये. दुसरा झटका आला तर माझ्या हातात काही नाही." तेव्हापासून तिचं सगळं बाबाच करत. नव्वदीला टेकलेला माणूस, पण औषधं, जेवण, अंग पुसणं, सगळं स्वतः करायचा. तिचे केसही विंचरायचा. भांग नेहमी वाकडा पडायचा. आई म्हणायची, "आयुष्यभर पाइप सरळ बसवलेत आणि माझा भांग मात्र असा!" मग त्यांनाच छातीत कफ झाला. दादा त्यांना एका सकाळी हॉस्पिटलात घेऊन गेला आणि संध्याकाळी एकटाच परत आला. जिना चढून वर जायची त्याची हिंमत झाली नाही. वहिनी वर गेली आणि आईला म्हणाली, "बाबांना ठेवून घेतलंय दोन दिवस. फोन होता त्यांचा. आलोच म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी बाबांना हॉस्पिटलातून परस्पर स्मशानात नेलं, आणि मी माहेरी पोचले तोवर खोटं सुरू झालं होतं. मग ते पुढे चालवायचं काम माझ्याकडे आलं. थापा मारण्यात मी लहानपणापासून पटाईत. दादा खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, आणि वहिनी पडली शाळामास्तरीण, ती खोटंही पाठ करून म्हटल्यासारखं म्हणते. मी मात्र बाबांना हॉस्पिटलात मस्त नांदवलं. शेजारच्या खाटेवर एक घोरणारे पेन्शनर आणून ठेवले. बाबांचं त्यांच्याशी भांडण लावलं, मग दोस्ती लावली. वॉर्डातला नळ गळका केला. बाबा नर्सकडे वायसर मागतायत, नर्स म्हणते आजोबा झोपा, बाबा म्हणतात हा नळ असा टपटपत असताना मी झोपू कसा. आई ऐकायची, मधूनमधून हसायची. शेवटी मी म्हणायचे, "आणि तुला निरोप आहे. आलोच म्हणालेत."

"असं म्हणाले?" आई विचारायची.

"अगदी असंच."

"बरं." मग ती कूस बदलायची.

तिने एकदाही फोन लावून दे म्हटलं नाही. आम्ही ते आमचं नशीब समजलो.

'आलोच' हा बाबांचा शब्द. शब्द कसला, गावाने त्यांचं नावच ते पाडलं होतं. लहानथोर सगळे त्यांना आलोच काका म्हणत. कोणी हाक मारली, "काका, मोरी तुंबलीय," की हे सायकलवरूनच ओरडणार, "आलोच!" त्या आलोचवर घड्याळ लावणारा माणूस फसलाच म्हणून समजा. सकाळचं आलोच संध्याकाळी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. पण यायचं. पिशवीत मोठा पाना, खिशात वायसर आणि सुताचा गुंडा. लोक चिडायचे, मग चहा द्यायचे. बाबा माणसं नळांवरून ओळखत. "ती गळक्या टाकीवाली बाई," "तो उलट्या कॉकचा मास्तर." माझ्या लग्नाच्या दिवशी बेकरीत पाइप फुटला, तेव्हा नवरीचा बाप मलाही आलोच म्हणून गेला, आणि मी सासरी निघायच्या वेळेला गुडघ्यापर्यंत ओल्या पँटने धावत आला. मी रागाने तोंड फिरवलं होतं. मग त्यांच्याच ओल्या खांद्यावर रडले होते.

ते गेल्यापासून मात्र मी रडले नव्हते. कुठे रडणार? खाली दुकानात लोक, वर आई, आणि आईला डोळे बघून सगळं कळतं. मी जिन्यात थांबून तोंडावर पाणी मारायचे आणि हसत वर जायचे. खोटं सांगत नाही, बाबांचा रागच यायला लागला होता मला. स्वतः निघून गेले आणि मला त्यांच्या थापा रचायला ठेवलं.

सभेच्या दिवशी दुपारपासून आमची तयारी चालू होती. माइकवाल्याने दादाला शब्द दिला होता की भोंग्याची तोंडं पलीकडे, बाजाराकडे फिरवीन. वहिनी खाली दाराशी पहाऱ्याला बसली. मी वरची खिडकी लावली, पडदा ओढला, पंखा मोठा केला आणि टेबलावरचा जुना रेडिओ लावला. कुणीतरी शेतीविषयी माहिती देत होतं. आमच्या घरात शेती कुणाच्या बापजन्मी नव्हती.

"एवढा मोठा कशाला लावलास?" आईने विचारलं.

"चांगलं सांगतायत."

"कांद्यावरची कीड?"

"ज्ञान कधी वाया जात नाही, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. माझ्या मुठीत जिभेखाली ठेवायची गोळी होती. दुपारपासून ती मी हातातून सोडलीच नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वहिनीचा दबका आवाज आला, "अहो, वर नको, वर नको," आणि पाठोपाठ दारात कात्रीकाका. हे बाबांचे जुने दोस्त. चौकात त्यांचं केस कापायचं दुकान. बाबांच्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री कधी लागली नाही. आता दारात उभे होते ते डोळे सुजवून, नाक लाल करून. 

"पिशवी," ते म्हणाले. "त्याची पिशवी हवी होती. तिकडे… टेबलावर… ठेवायला."

बाबांच्या हत्यारांची पिशवी आईच्या खाटेखाली होती. आईची सेवा करायला लागल्यापासून ते ती तिथेच ठेवत. हा शहाणा आता ती फोटोशेजारी मांडायला निघाला होता.

"हॉस्पिटलात, आई," मी घाईघाईने म्हटलं. "तो नळ नाही का? बाबांनी पिशवी मागवलीय. काका तिकडेच निघालेत."

आईने कात्रीकाकांकडे निरखून पाहिलं. "डोळ्यांना काय झालं?"

"केस गेला," काका म्हणाले. "गिऱ्हाइकाचा."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दाट होते, वहिनी."

मी खाटेखालून पिशवी ओढली. पाना फरशीवर खणकन वाजला आणि मी दचकून आईकडे पाहिलं. आई मात्र शांत होती. म्हणाली, "मोठा पाना वर ठेव, तळाला ठेवला की शिवण उसवते. आणि काका, सांभाळून न्या. त्यांना नाही आवडत कुणी पिशवीला हात लावलेला."

काकांनी पिशवी लहान मूल घ्यावं तशी छातीशी घेतली. ते काही बोलण्याआधी मी त्यांना जवळजवळ ढकलतच दाराबाहेर काढलं. जिन्यावर त्यांनी हुंदका दिला तो मला ऐकू आला. मी रेडिओ आणखी मोठा केला.

मैदानातून आता खुर्च्या सरकवल्याचा आवाज यायला लागला होता. माणसं बरीच जमली असावीत. मी आईला बोलण्यात गुंतवायला पेन्शनरांची नवी हकीकत काढली. त्यांचा मुलगा येतो, बाबा त्याला बसायला स्टूल देतात, त्या स्टुलाचा एक पाय… आणि पंखा हळू हळू होत थांबला. रेडिओ एका शब्दाच्या मध्येच तुटला.

वीज गेली होती.

इतकी शांतता त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. क्षणभर मला वाटलं, सुटलो, माइकही बंद पडला असेल. मी श्वास सोडते न सोडते तोच भोंगा खरखरला. बॅटरी. त्या माइकवाल्याला मी आजवर कधी बघितलेलं नाही, पण त्याच्या सात पिढ्यांचा मी त्या घटकेला उद्धार केला. भोंग्यांची तोंडं त्याने बाजाराकडे फिरवली असतील तर एक मात्र विसरला होता. ते नेमकं आमच्या खिडकीवर रोखलेलं होतं.

"हॅलो… हॅलो… ऐकू येतंय का मागे?" औषधाच्या दुकानवाल्यांचा आवाज.

"आई, तुला पाणी देऊ?" मी ओरडून विचारलं.

"नको."

"मग औषध? तुझी दुपारची गोळी राहिली का? मला वाटतं राहिली. थांब हं, डबा कुठे गेला, हा डबा मेला कधी जागेवर नसतो…"

"मित्रहो," भोंगा म्हणाला, "आज आपण इथे का जमलो आहोत हे…"

जिथे भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून आम्ही मांजरासारखे वावरत होतो, त्या घरात मी गोळ्यांचा पत्र्याचा डबा स्वतःच्या हाताने जमिनीवर आपटला. गोळ्या खाटेखाली गडगडल्या. मी गुडघ्यांवर बसले, मोठमोठ्याने स्वतःलाच शिव्या घालत त्या वेचायला लागले, आणि माझ्या डोक्यावरून तो आवाज खोलीभर पसरला.

"…आपल्या सगळ्यांचे आलोच काका आज आपल्यात नाहीत."

मी डोकं वर काढलं नाही. खाटेच्या कडेला आईचा हात लोंबत होता. मी तो हात बघत होते. तो थरथरेल, छातीकडे जाईल, आणि मग मी काय करायचं हे मनात घोकत होते. गोळी जिभेखाली, उशी उंच, दादाला हाक.

हात माझ्या डोक्यावर आला.

"गप्प बस जरा," आई म्हणाली. "ऐकू दे मला."

मी वर पाहिलं. तिचे डोळे उघडे होते, कोरडे. मी मुठीतली गोळी पुढे केली. ती घामाने विरघळून पांढरा चिखल झाली होती.

"ती तूच खा," आई म्हणाली. "तुलाच गरज दिसतेय. आणि खिडकी उघड, भोंग्याचं तोंड इकडे आहे तर नीट तरी ऐकू येईल."

"आई, तुला…"

"मला पहिल्या दिवशीच कळलं."

 मी तिथेच फरशीवर बसले. "कुणी सांगितलं? दादाने?"

"तो काय सांगतोय! तुझ्या वहिनीने सांगितलं. संध्याकाळी वर आली आणि म्हणाली, बाबांचा फोन होता, आलोच म्हणालेत."

"मग?"

"मला आलोच नाही म्हणायचे ते."

 बाबा आलोच म्हणत नसत? ज्यांना सगळं गाव त्याच शब्दाने ओळखत होतं ते?

"सगळ्यांना म्हणायचे," आई म्हणाली. "मला नाही. तुझा दादा रांगत होता तेव्हाची गोष्ट. माझ्या वडिलांचं फार झालंय असा निरोप आला. संध्याकाळची एकच बस. मी पोराला काखेत घेऊन, पिशवी घेऊन स्टँडवर उभी. हे म्हणाले, बेकरीवाल्याचा नळ उघडा टाकून आलोय, तेवढा बसवतो, आलोच. बस आली, थांबली, गेली. हे धावत आले ते धूळ खाली बसल्यावर. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा माझ्या वडिलांची खाट रिकामी होती."

बाहेर औषधवाले बाबांच्या सायकलीविषयी काहीतरी सांगत होते. आई क्षणभर तिकडे कान देऊन थांबली.

"मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, गावाला काय सांगायचं ते सांगा, मला पुन्हा तो शब्द नको. किती वेळ लागेल ते खरं सांगा, मी तेवढी वाट बघीन. त्यानंतर एकदाही म्हणाले नाहीत. अर्ध्या तासात येतो. दिवेलागणीला येतो. आज काही खरं नाही, जेवून घे. जे सांगतील ते खरं करायचे."

मी आठवायला लागले. दारात चपला घालणारे बाबा, स्वयंपाकघरातली आई. "अंधार पडेल गं." "तासाभराचं काम आहे." आणि बाहेर पडून सायकलवर टांग मारली की आम्हा पोरांना, "आलोच!" एवढी वर्षं त्या घरात काढली आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्या तोंडचा म्हणून तोच शब्द आम्ही हौसेने उचलला होता, खोटं खरं वाटावं म्हणून.

"आणि त्या सकाळी?" मी विचारलं. 

"त्या सकाळी तिथे, दारात उभे होते. दादाने दंड धरला होता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, उशीर होईल गं. वाट बघू नको." आईने पदराने तोंड पुसलं. "दादाला वाटलं, हॉस्पिटलातल्या रांगेबद्दल बोलतायत. मला तेव्हाच धस्स झालं होतं. संध्याकाळी वहिनी आलोच म्हणाली आणि काही शंकाच उरली नाही."

"मग तू बोलली का नाहीस? आम्ही इथे जीव मुठीत धरून…" मला राग आला. खरंच आला. "मी रडलेसुद्धा नाही, आई! तुझ्यापायी जिन्यात तोंड धूत होते मी!"

"माहीत आहे. तुझा पदर रोज ओला असायचा." तिने माझे केस कानामागे सारले, लहानपणी सारायची तसे. "पहिल्या दिवशी तुमचे घाबरलेले चेहरे बघून गप्प बसले. म्हटलं, उद्या सांगेन. तर दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि म्हणालीस, बाबांचं शेजारच्या पेन्शनरांशी भांडण झालं. मग म्हणालीस, नर्सकडे वायसर मागितला. अगदी ह्यांनी मागितला असता तसाच मागितला गं तू. मला रोज सकाळी वाटायचं, आज तू येऊन काय सांगशील. मी रडले असते तर तुम्ही ते बंद केलं असतं. मग ते खरंच गेले असते."

मग मी रडले. आईच्या गादीत तोंड खुपसून, मोठ्याने, जसं रडायचं राहून गेलं होतं तसं. तीही रडली, पण हळू, छातीवर हात ठेवून, जपून. मध्येच म्हणाली, "पुरे, मला धाप लागेल," आणि आम्ही दोघी ओल्या तोंडांनी हसलो.

मी खिडकी उघडली. मैदान काठोकाठ भरलं होतं. टेबलावर बाबांचा फोटो आणि शेजारी ती पिशवी. औषधवाले रंगात आले होते. "…टाकी फुटली, घरात तळं झालं, मी काकांना फोन केला, काका म्हणाले आलोच. मी मुलाच्या वहीच्या होड्या करून संपवल्या तरी काकांचा पत्ता नाही!" सगळं मैदान हसलं.

"खोटं सांगतोय," आई म्हणाली. "टाकी त्याची नव्हतीच, त्याच्या सासऱ्याची होती. आणि हे त्याच संध्याकाळी गेले होते. ताप होता अंगात. मी डबा दिला होता सोबत."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दादा दारात येऊन उभा राहिला. मैदानातून पळत आला असावा. शर्ट घामाने चिकटला होता, चेहरा पांढराफटक. वीज गेल्याचं, भोंग्याच्या तोंडाचं, सगळं त्याच्या तिथेच लक्षात आलं असणार. त्याने उघडी खिडकी पाहिली, मला पाहिलं, आईला पाहिलं. बाहेर कुणीतरी बाबांच्या आत्म्याला शांती मागत होतं, अगदी स्पष्ट. आणि माझा भाऊ, ज्याला आयुष्यात एक खोटं धड बोलता आलं नाही, कान लाल करून म्हणाला, "आई… बाबांचा फोन होता आत्ताच. आलोच म्हणालेत."

मी काही बोलणार तोच आईने मला हाताने थांबवलं.

"इकडे ये, बाळा," ती म्हणाली. "बस. अरे, ते उशीर होईल म्हणाले होते ना? तू तर होतास तिथे. दंड धरला होतास त्यांचा."

दादा जागचा हलला नाही. त्याचे ओठ हलले. ते वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ त्याला आत्ता कळत होता. मग तो खाटेपाशी आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून असा रडला की खालून वहिनी धावत वर आली आणि दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने भोंग्याने दादाचं नाव घेतलं. घरच्यांच्या वतीने चार शब्द बोलायला बोलावत होते.

"जा," आई म्हणाली. "नीट बोल. आणि त्या सासऱ्याच्या टाकीचं दुरुस्त करून सांग."

दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. चपला पायात सरकवल्या आणि सवयीने वळून म्हणाला, "आलो…"

तो तिथेच अडला. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो.

"उशीर होईल, आई," तो म्हणाला. "बरेच जण बोलणार आहेत. सभा संपली की येतो."

"ये," आई म्हणाली. "मी तोवर ऐकत बसते."